तीन नंबरची लाईन

त्या वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी तरणाताठा माणूस गेला की लोक ‘कसा गेला’ असं विचारायचे खरे, पण उत्तर ऐकून घ्यायला कोणी थांबत नसे. कापसाच्या त्या वाईट वर्षांनी सगळ्यांना एकच उत्तर पाठ करून ठेवलं होतं. माझा मित्र उत्तमसिंग राठोड आर्णीजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढून रुई करणाऱ्या कारखान्यात, आगीत गेला, तेव्हाही लोकांनी तेच उत्तर काढलं. त्याच्या नावावर एक एकर शेती नव्हती, तो पगारी वायरमन होता. पण पेटलेल्या गोदामात तो आपल्या पायांनी गेला होता, आणि सापडला पार शेवटच्या कोपऱ्यात, जिथं दार नाही की खिडकी नाही. आत वाचवायला कोणी नव्हतं. मग शहाणा माणूस तिथवर कशाला जाईल? मुद्दाम गेला असणार, असं ठरलं आणि लोक आपापल्या कामाला लागले.

त्याची बायको सुखीबाई हे सगळं ऐकत होती. नवरा आपल्याला टाकून गेला का, एवढा एकच प्रश्न तिला होता, आणि त्याचं उत्तर देऊ शकणारा एकच माणूस होता. तो मी. मी तेव्हा जहाजावर होतो.

मी धम्मदीप. मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिशियन होतो, आता गुडघे गेले म्हणून घरी आहे. आमचं गाव आणि उत्तमचा तांडा यांच्यामध्ये फक्त एक नाला. यवतमाळच्या आयटीआयमध्ये आम्ही दोन वर्षं एका बाकावर बसलो, एका डब्यात जेवलो. पुढे मी समुद्रावर गेलो आणि तो जिनात लागला. दर सुटीत मी आलो की तो जहाजाच्या गोष्टी ऐकायला यायचा आणि जाताना म्हणायचा, ‘तुह्या थापा आयकाले मजा येते, धम्मा.’

२००६ सालच्या सुटीत त्याच थापा माझ्यावर उलटल्या. जिनाच्या शेठनं गुजरातेतून, जिथं म्हाताऱ्या जहाजांची मोडतोड होते तिथून, आगीची सूचना देणारं एक आख्खं पॅनेल भंगारात उचलून आणलं होतं. कपाटाएवढं, करड्या रंगाचं, परदेशी बनावटीचं. त्याच्यावर इंजिन रूम, भटारखाना, आणि मालाच्या कोठारांसाठी होल्ड एक, दोन, तीन अशा पट्ट्या तशाच होत्या. शेठला वाटलं, जहाज वाचवतं म्हणजे जिन वाचवायला काय हरकत आहे. ते बसवायचं कोणी, तर पंचक्रोशीत समुद्र पाहिलेला मी एकटा. सुटीचा दीड महिना मी त्यात घातला आणि खरं सांगतो, मिरवलोसुद्धा.

उत्तम माझ्या हाताखाली होता. त्यानं पट्ट्यांवर कागद चिकटवले: इंजिन रूमच्या जागी ‘जिन हॉल’, भटारखान्याच्या जागी ‘सरकी’, होल्ड तीनच्या जागी ‘रुई गोदाम’. पॅनेलच्या खोलीला जिनातल्या बाया ‘जहाज’ म्हणायला लागल्या आणि उत्तमला ‘कप्तान’. तो खूश होता. म्हणायचा, ‘माह्या आज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं. मी जहाज चालवून राह्यलो. तेही आर्णीत!’

मी त्याला एकच गोष्ट पुन्हापुन्हा शिकवली, कारण तीच खरी गोष्ट आहे. आग लागल्यावर घंटा वाजवणं कोणतंही यंत्र करेल. पण वायर मधेच तुटली असेल तर घंटा वाजणारच नाही आणि आपण समजू, सगळं ठीक आहे. म्हणून जहाजावरचं पॅनेल प्रत्येक लाईनमधून सतत थोडासा करंट सोडत असतं. लाईनच्या पार टोकाला एक छोटासा रेझिस्टर असतो, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, अंगावर पिवळा, जांभळा, लाल असे पट्टे. करंट त्याच्यापर्यंत जाऊन परत आला की पॅनेलला कळतं, लाईन शाबूत आहे, आणि हिरवा दिवा राहतो. परत आला नाही की पिवळा दिवा लागतो आणि बझर ओरडतो. आग नाही, पण बिघाड आहे, बघायला जा, असं ते सांगतं.

‘म्हंजे हे दिवसभर इचारतच राह्यते, हायेस का रे बाबा?’ उत्तमनं विचारलं.

‘हाव. आन् टोकाचा सांगत राह्यते, हावो.’

‘आन् सांगनारा गेला त?’

‘त पिवळा दिवा. तवा झोपू नको.’

तीन नंबरची लाईन रुईच्या गोदामातली, छताला लावलेल्या धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरांची. गोदाम लांबलचक, दार एकच, आणि रेझिस्टर पार मागच्या कोपऱ्यात. वायरींचा जोड ज्या डबीत होता ती डबी मी दाराच्या चौकटीला खाली, उंबरठ्याजवळ ठोकली. हाताशी राहील, बसल्या बसल्या उघडता येईल, म्हणून. इथं मी चुकलो. हंगामाचा मुहूर्त करताना गोदामाच्या उंबरठ्यावर नारळ फोडतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. याच मातीत वाढलो मी. पण आमच्या बौद्धांच्या घरात नारळ फोडायची रीत नाही, जिनाच्या मुहूर्ताला मी कधी गेलो नव्हतो, आणि डबी ठोकताना ते माझ्या डोक्यातच आलं नाही. मी सप्टेंबरात जहाजावर गेलो. दसऱ्याला नारळ फुटला. दिवाळीनंतर पहिला कापूस आला, तेव्हा पुन्हा फुटले, दोन की तीन. पाणी डबीत गेलं. वरून बायांनी हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. नवं यंत्र म्हणून डबीचीही पूजा झाली.

डिसेंबरात आखातातल्या फुजैराच्या बंदरात माझा फोन लागला तेव्हा उत्तम रडकुंडीला आला होता.

‘तीन नंबर वेडं झालं, धम्मा. कवा हिरवं, कवा पिवळं. दुपारी त बझर थांबतच नाई. मी गोदामभर शिडी लावून एक एक डिटेक्टर पाह्यला, सारी वायर पाह्यली. काईच नाई सापडत.’

‘सगळे जोड पाह्यले?’

‘पाह्यले ना.’

डबी त्यानं पाहिली नव्हती. हे मला नंतर कळलं. पूजलेल्या वस्तूत बिघाड असेल अशी शंका त्याला आली नाही, आणि मलाही फोनवर डबीचं नाव घेऊन विचारायचं सुचलं नाही. बाकीचं त्यानं सांगितलं ते वाईट होतं. बझरच्या कटकटीला कंटाळून कोणीतरी त्यात रुई कोंबली होती. आता एक, दोन, चार, कोणत्याही लाईनचा बिघाड ऐकू आला नसता. ती एक लाईन तेवढी बंद ठेवायची सोय पॅनेलवर होती, पण तिची किल्ली भंगारातच हरवलेली. माझी बोट किनाऱ्यावरून सुटायला वीस मिनिटं होती. मी सांगितलं, ‘हे पाय. मी देल्लेल्या पुडीतला एक रेझिस्टर घे. पॅनेलच्या मागं तीन नंबरच्या तारा सोडव आन् त्या दोन टर्मिनलवर तो थेट बसव. त्याले वाटन लाईन शाबूत हाये. बझर गप बसन, बाकीच्या लाईनी काम करतीन. मी फाल्गुनात येतो आन् पाह्यतो.’

‘पन मंग गोदामात आग लागली त?’

हा प्रश्न त्यानं विचारला. मी नाही, त्यानं विचारला. आणि मी जहाजावरचा नियम सांगितला. लाईन बंद केली की तिच्या जागी माणूस फिरवायचा. दर तासाला फेरी, वहीत नोंद. कधी निघालो, कधी परतलो. आणि अर्ध्यातून परतायचं नाही, लाईनच्या टोकापर्यंत जायचं, रेझिस्टरला हात लावायचा, मगच सही.

‘आगीचा वास आला तरी?’ त्यानं हसत विचारलं.

‘तवाच त जायाचं टोकापर्यंत, लेका. नाई त आग कुठी हाये हे कसं समजन?’

आता हे सांगताना माझे कान तापतात. जहाजावर फेरीला जाणाऱ्याच्या हातात वॉकीटॉकी असते. ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथं, कोणीतरी त्याची वाट पाहत असतं. दहा मिनिटं उशीर झाला तर दोघं मास्क लावून शोधायला निघतात. हे सगळं मी बोललो नाही, कारण ते मला इतकं सवयीचं होतं की सांगायची गोष्ट वाटलीच नाही. मी त्याला अर्धा नियम दिला.

फाल्गुनात मी गेलो नाही. माझ्या जागी येणारा माणूस आजारी पडला आणि आमच्या जहाजाच्या कप्तानानं विचारलं, तीन महिने वाढवतोस का. वरच्या परीक्षेसाठी मला समुद्रावरचे तेवढे महिने कमीच पडत होते. मी लगेच हो म्हटलं. उत्तमला मेसेज केला, ‘जूनमध्ये येतो, तोवर सांभाळ.’ त्याचं उत्तर आलं, ‘ये आरामात. मी हावो ना.’

एप्रिलच्या शेवटी सिंगापुरात फोन लागला तेव्हा माझी आई पंचफुला आधी नुसतीच रडली. मग म्हणाली, ‘उत्तम गेला, बाबू. जिनात जळून गेला. लोक म्हंतेत, आपल्या हातानं गेला.’ मी विचारलं, कुठं सापडला. ती म्हणाली, ‘मांगच्या कोपऱ्यात.’ मी फोन ठेवला आणि जेट्टीवरच बसलो. पुढचा महिनाभर रोज मनाशी घोकलं की दुसरं काही कारण निघावं. उत्तमनं खरंच मुद्दाम केलेलं असावं, असंसुद्धा एकदा मनात आलं. इतका मी हलकट झालो होतो.

जूनमध्ये आलो आणि घरी पिशवी ठेवून आधी जिनात गेलो. त्या वर्षी कापूसच कमी, एकाच पाळीपुरता, हंगाम एप्रिलमध्येच आटपत आलेला. आग दुपारी तीनच्या सुमाराला लागली. कापसातून आलेला एखादा खडा जिनात घासला असेल, ठिणगी रुईबरोबर गोदामात गेली असेल, ती आत धुमसत राहिली. बाया जेवून सावलीला बसल्या होत्या. उत्तमला गोदामात शिरताना दोघींनी पाहिलं. मग एकदम भडका उडाला, तो त्याच्या आणि दाराच्या मधे.

शेठनं मला पॅनेलच्या खोलीत नेलं. ती खोली शाबूत होती. ‘तुमची मशीन तर हिरवीच होती,’ तो म्हणाला. ‘आग नाही, बिघाड नाही, घंटा नाही. मग हा माणूस आत गेला कशाला? तुम्हीच सांगा.’

मी पॅनेलचं मागचं दार उघडलं. तीन नंबरच्या टर्मिनलवर रेझिस्टर बसवलेला होता. पिवळा, जांभळा, लाल. त्याच्या दोन्ही पायांवर उत्तमनं बारीक नळी चढवली होती, उघडी तार कशाला टेकू नये म्हणून, मी शिकवलं होतं तशी. इतकं नेटकं काम. मी शेठला तिथंच सांगायला हवं होतं. मी पॅनेलचं दार लावून टाकलं.

मग मी गोदामाच्या दाराशी गेलो. छप्पर खाली आलेलं, पण उंबरठ्याजवळची डबी काळी पडून तशीच होती. हळदीचा थर वाळून झाकण घट्ट बसलं होतं. पेचकसानं उचकटलं. आत जोडाची तार हिरवी होऊन खाल्ली गेली होती, बोट लावलं तर तुटली. पाच मिनिटांचं काम होतं. फाल्गुनात आलो असतो तर पाच मिनिटांत केलं असतं.

तिथून तांड्यावर गेलो. सुखीबाई दारात बसली होती. तिच्याजवळ तांड्याचा नायक धावजी, सत्तरीचा माणूस, खाटेवर टेकलेला. मला पाहून ती उठली नाही. पाणी आणायला कोणाला तरी सांगितलं आणि पदर ओढून घेतला. धावजी म्हणाला, ‘तुह्या दोस्तानं असं काहून केलं, धम्मदीप? काई दुःख होतं त बोलाचं ना. तांडा मेला होता का?’

माझी मान खाली होती.

‘सारे मलेच इचारतेत,’ सुखीबाई म्हणाली. ‘घरात भांडन झालं होतं का, म्हंतेत. काई नाई झालं, भाऊ. सकायी माह्याशी हासून गेलते. मी रोज आठवून पाह्यतो, काय चुकलं माहं. भाकर देल्ली. पान्याची बाटली देल्ली. मंग काहून गेले?’

तिनं आत जाऊन त्याची डब्याची पिशवी आणली. ती पॅनेलच्या खोलीत खुंटीला होती, जिनातल्या बायांनी आणून दिली होती. पिशवीतून तिनं एक दोनशे पानी वही काढली. ‘हे तुमच्या कामाचं असन. रोज घरी आनत होते, पट्टीनं रेघा मारत होते. मले वाचता येत नाई. कोनाले दाखवली नाई.’

मी वही उघडली. माझ्या जहाजावरच्या वहीसारख्याच रेघा होत्या. तारीख. निघालो. टोक. परतलो. डिसेंबरपासूनची पानं, रोज नऊ फेऱ्या, एकही खाडा नाही. होळीच्या दिवशीही सही होती. प्रत्येक ओळीत दोन वेळा आणि मधे ‘टोक’च्या खाली एक बरोबरची खूण. एका पानाच्या वर लिहिलं होतं, ‘धम्मा फाल्गुनात येनार.’ पुढे फाल्गुन खोडून जून केलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर अक्षरं हलायला लागली आणि मी वही मिटू लागलो.

सुखीबाईनं वहीवर हात ठेवला. ‘थांबा.’

तिनं स्वतः शेवटचं लिहिलेलं पान काढलं. वाचता येत नसलं तरी त्या महिन्याभरात ते पान तिनं कितीदा पाहिलं असेल. तिचं बोट एकेका ओळीवरून खाली गेलं, इकडं एक, तिकडं एक, इकडं एक, तिकडं एक, आणि शेवटच्या ओळीवर थांबलं.

‘हरेक लायनीत दोन हायेत,’ ती म्हणाली. ‘इथं एकच हाये. इथं काहून नाई लिवलं?’

‘निघालो’च्या खाली तीन वाजून दोन मिनिटं लिहिलं होतं. पुढचे दोन रकाने कोरे होते.

मग मी सगळं सांगितलं. एकदम, न थांबता, धावजीकडे आणि तिच्याकडे पाहत. लाईन कशी बिघडली, मी फोनवर काय करायला लावलं, हिरवा दिवा कसा खोटा होता, लाईन आंधळी झाल्यावर तिच्या जागी उत्तम स्वतः कसा चार महिने चालत राहिला. ‘तो मरायले नाई गेला, वहिनी. फेरीवर गेला. वास आला असन, आन् मीच सांगतलं होतं, वास आला तरी टोकापर्यंत जाय. टोकाले हात लावून तो परत येनार होता. हा रकाना त्यानं परत येऊन भरला असता. फाल्गुनात मी येनार होतो. माह्या परीक्षेपायी मी नाई आलो.’

धावजीनं डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला. सुखीबाईचं बोट त्या कोऱ्या जागेवरच होतं.

‘म्हंजे मले टाकून नाई गेले,’ ती म्हणाली.

‘नाई.’

‘परत येनार होते.’

‘हाव.’

तिचा श्वास सुटला. महिनाभर कोंडून ठेवलेला असावा. मग ती रडली, मोठ्यानं, तिच्या बोलीत त्याला हाका मारत, आणि आजूबाजूच्या घरांतून बाया बाहेर आल्या. धावजी उठला आणि त्यांना सांगायला लागला, ‘आयका, उत्तम आपल्या हातानं नाई गेला, कामावर गेला.’ मी तिथंच मातीत बसून होतो. मला वाटलं, आता ती मला घालवून देईल, आणि दिलं असतं तर बरं वाटलं असतं.

रडणं थांबल्यावर तिनं डोळे पुसले आणि वही मिटून मांडीवर घेतली. दुसऱ्या दिवशी शेठपुढं आणि चौकशीला येणाऱ्या साहेबापुढं हेच सगळं सांगायचं मी कबूल केलं. ती हो म्हणाली. मी निघालो, नाल्यापर्यंत गेलो, तेव्हा तिनं मागून हाक मारली.

‘भाऊ,’ ती म्हणाली. ‘ते रोज म्हनत होते, धम्मा आला की मी या कामातून मोकया. तुमी तवाच याले पाह्यजे होतं.’